लेकी बोले, सुने लागे

आमच्या घरी दिवाळीला आत्या यायची. फराळाची ताटे मांडली जायची आणि पहिला घास घेता घेता ती आपल्या मुलीकडे वळून म्हणायची, "बेबी, चकली कशी हवी? तोडली की आवाज झाला पाहिजे. उद्या सासरी जाशील तेव्हा ध्यानात ठेव हो." बेबी तेव्हा नऊ वर्षांची. तिला सासर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते आणि चकली कशी करतात हेही ठाऊक नव्हते. चकल्या केलेल्या असत आमच्या आईने. आई तांब्या घेऊन सगळ्यांच्या फुलपात्रांत पाणी वाढत असे. तिने ते वाक्य ऐकले की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कधीच कळले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, नोकरीतून मोकळा झाल्यावर, मी हौसेखातर पुण्यात स्पॅनिश शिकू लागलो. व्याकरणाचा कंटाळा आला की आमच्या शिक्षिका फळ्यावर एखादी म्हण लिहीत. एका संध्याकाळी त्यांनी लिहिलेल्या म्हणीचा अर्थ लावता लावता मी थबकलो. 'मुली, सांगते तुला. उमज ते सूनबाईला' असा काहीसा तिचा अर्थ होता. म्हणजे आमची आत्या, तिची बेबी आणि तांब्या घेतलेली आई या तिघीजणी हजारो मैलांवर कास्तीलमधल्या एखाद्या घरातही जशाच्या तशा होत्या तर! 'लेकी बोले, सुने लागे' ही म्हण म्हणजे आपल्या एकत्र कुटुंबाचीच खास कमाई, अशी माझी समजूत होती. ती त्या संध्याकाळी संपली.

अशा बोलण्याला स्पॅनिशमध्ये नाव काय, असे मी विचारले तेव्हा बाईंनी एकच शब्द सांगितला : 'इंदिरेक्ता'. या शब्दाविषयी, आणि स्पॅनिश लेखकांनी त्याच्या आश्रयाने जे दाखवून ठेवले आहे त्याविषयी, या लेखात थोडे लिहायचे आहे.

शब्द तसा साधा आहे. 'दिरेक्तो' म्हणजे सरळ आणि 'इंदिरेक्तो' म्हणजे आडवळणाचा. या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप घेऊन स्पॅनिश माणसाने त्याचे नाम केले, आणि नाम होताच त्याला वस्तूचे वजन आले. एक इंदिरेक्ता, दोन इंदिरेक्ता, अशी ती मोजता येते. मुख्य म्हणजे ती फेकता येते. तिच्याबरोबर येणारी क्रियापदे पाहावीत. 'एचार', 'तिरार', 'लान्सार' या तिन्हींचा अर्थ टाकणे, फेकणे, भिरकावणे असा. 'सोल्तार' म्हणजे हातातून सोडून देणे. पलीकडच्याने मग काय करायचे? त्याने ती 'काप्तार' करायची, म्हणजे पकडायची. आपण मराठीत टोमणा मारतो आणि तो दुसऱ्याला लागतो, झोंबतो. आपली क्रियापदे मारामारीची आहेत, त्यांची चेंडूफळीची. मारलेले लागतेच, फेकलेले झेलायचे की जमिनीवर पडू द्यायचे, हे मात्र समोरच्याच्या मर्जीवर असते. या एका फरकात शब्दाचे सगळे मर्म आहे असे मला वाटते.

झेलण्याला स्पॅनिशमध्ये आणखी एक वाक्प्रचार आहे : 'दार्से पोर आलुदिदो', म्हणजे 'हे माझ्याविषयीच चालले आहे' असे आपल्या वागण्याने कबूल करणे. यातल्या 'आलुदिर' या क्रियापदाच्या मुळाशी लॅटिनमधला खेळण्याचा धातू आहे. ज्याला खेळायचे नसेल त्याच्यासाठीही सोय आहे. तो 'आसेर्से एल सुएको' करतो. शब्दशः, 'स्वीडनचा माणूस बनतो'. भाषाच कळत नाही असा निर्विकार चेहरा करायचा, की संपले. आमची आई जन्मात स्वीडनला गेली नव्हती, पण दिवाळीचे चार दिवस ती तिथलीच रहिवासी असे.

या शब्दाची भावंडेही पाहून घेऊ, म्हणजे त्याची जागा नीट ध्यानात येईल. कोडे सोडवताना मिळणारी खूण किंवा पोलिसांना लागणारा माग म्हणजे 'पिस्ता'. त्यात डंख नाही आणि लपवाछपवीही नाही. 'इंसिनुआर' म्हणजे सुचवणे. त्याच्या मुळाशी लॅटिन 'सिनुस', म्हणजे वस्त्राची घडी किंवा ऊर. म्हणून हे सुचवणे घडीत शिरल्यासारखे, हळूच सरकणारे असते; आणि कोणी 'इंसिनुआर्से' करतो असे म्हटले, तर तो प्रेमात सूचक पुढाकार घेतो आहे असे समजावे. 'पुया' हे बैलांच्या झुंजीत घोडेस्वार वापरतो त्या भाल्याचे टोक, आपल्या शेतकऱ्याची पराणीच म्हणा ना. कोणी 'पुया' फेकली तर ती टोचण्यासाठीच. इंदिरेक्ता या सर्वांच्या मधोमध बसते. तिच्यात टोचणी असू शकते आणि याचनाही असू शकते. सुनेच्या चकलीला नावे ठेवणारी आत्या इंदिरेक्ता फेकते, आणि दुसरा लाडू हवा असताना "लाडू काय सुरेख वळलेत!" म्हणणारा पाहुणाही इंदिरेक्ताच फेकतो. मराठीत आपण पहिल्याला शालजोडीतला म्हणू आणि दुसऱ्याला ताकाला जाऊन भांडे लपवणारा म्हणू. शालीतला जोडा आणि ताकाचे भांडे ही दोन्ही एकाच शब्दात मावतात, हा स्पॅनिशचा विशेष.

या शब्दाची थट्टाही स्पॅनिश लोकांनीच केली आहे. आडून सुचवण्याचा आव आणून तोंडावर सडेतोड बोलणाऱ्याला ते 'पाद्रे कोबोसच्या इंदिरेक्ता' म्हणतात. पाहुण्याला 'आता उठा' असे नाजूकपणे सुचवायचे सोडून त्याला दाराबाहेर काढणाऱ्यांचा हा बाबा कुलगुरू. त्याच्या नावाने माद्रिदमध्ये १८५४ ते १८५६ या काळात एक उपहासात्मक नियतकालिकही निघत असे. विनोद उघड आहे, पण त्यातून एक नियम सापडतो : इंदिरेक्ता नाकारता आली पाहिजे. बोलणाऱ्याला 'मी तसे म्हटलेच नाही' असे म्हणता आले पाहिजे, आणि ऐकणाऱ्याला 'मला तसे कळलेच नाही' असे. ही दोन दारे उघडी नसतील तर ती इंदिरेक्ता नव्हे. तो नुसता उद्धटपणा.

आपल्या साहित्यशास्त्राशी परिचित असलेल्या वाचकाला येथे ध्वनीची आठवण होईल. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ज्या गाथेचे उदाहरण दिले, ती तर आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातली आहे. गोदाकाठच्या कुंजात फुलांसाठी येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला एक स्त्री सांगते की, तुम्हांला भिवविणारे ते कुत्रे मेले, आता खुशाल फिरा. तिथल्या सिंहाने त्याला मारले. वर वर निमंत्रण आणि आत मनाई! तिचा संकेत त्या कुंजात ठरलेला असतो, आणि हा भाविक गृहस्थ तिथे नको असतो. यापेक्षा निखळ इंदिरेक्ता शोधून सापडायची नाही. मात्र ध्वनी हा काव्याचा आत्मा म्हणून मानाच्या आसनावर बसला. तो सहृदयासाठी असतो. इंदिरेक्ता ही स्वयंपाकघरातली आणि ओट्यावरची. तिला सहृदय नको, नेमका एक माणूस हवा असतो. आणि तो माणूस तिला काय उत्तर देतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

हे उत्तर किती सुंदर असू शकते, याचा सर्वांत जुना आणि माझा सर्वांत आवडता दाखला 'लासारिल्यो दे तॉर्मेस' या छोट्या कादंबरीत आहे. ती १५५४ साली प्रसिद्ध झाली. लेखकाने आपले नाव घातले नाही. लासारो हा गरीब पोरगा एकामागून एक धन्यांची चाकरी करीत फिरतो. तोलेदो शहरात त्याला तिसरा धनी मिळतो तो एक सरदारी थाटाचा गृहस्थ. अंगावर नीट झटकलेला झगा, कमरेला तलवार, चाल डौलदार. आणि घरात खायला दाणा नाही. चाकराला थोड्याच वेळात कळून चुकते की, येथे धन्याने चाकराला पोसायचे नसून चाकराने धन्याला पोसायचे आहे. एके दिवशी लासारो भीक मागून पाव आणि शिजवलेल्या खुराचा एक तुकडा घेऊन येतो. धनी सांगतो, मी तुझी वाट पाहिली आणि मग जेवून घेतले. अर्थात तो जेवलेला नसतो. लासारो बाकावर बसून खाऊ लागतो. धन्याची नजर त्याच्या अन्नावरून हलत नाही.

येथे त्या अनामिक लेखकाचे कौशल्य पाहावे. धनी फेऱ्या मारतो, जवळ येतो आणि लासारोच्या खाण्याच्या ऐटीची स्तुती करतो : तुला खाताना पाहून भूक नसलेल्यालाही भूक लागेल, अशा अर्थाचे काहीतरी. ही झाली इंदिरेक्ता. लासारोच्या मनात आधीच कालवाकालव चाललेली असते. त्याला धन्याला बोलवायचे आहे; पण 'मी जेवलो' म्हणणाऱ्याला 'या, जेवा' म्हणणे म्हणजे त्याला खोटे पाडणे. तेव्हा तो काय करतो? तोही आडूनच बोलतो. 'तुम्ही उपाशी आहात' असे तो म्हणत नाही. तो पावाची तारीफ करतो, आणि खुराचा तुकडा असा झकास शिजला आहे की त्याच्या चवीचा मोह कोणालाही पडावा, असे सांगतो. धन्याला वाट मिळते. हा तर माझा आवडता पदार्थ, असे म्हणून तो शेजारी बसतो आणि हाडे चाटूनपुसून खातो.

एका उपाशी माणसाने दुसऱ्या उपाशी माणसाला जेवू घातले, आणि ज्याने मागितले त्याने मागितले नाही, ज्याने दिले त्याने दिले नाही! भुकेवर जगात पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु भुकेपेक्षाही अब्रू ज्याला मोठी वाटते त्या माणसाची फजिती करीत असतानाच त्याला असे सांभाळून घेणारा प्रसंग मी क्वचितच वाचला आहे. लेखक त्या सरदाराच्या खोट्या प्रतिष्ठेला हसतो, यात शंका नाही. पण लासारो त्याला हसत नाही. इंदिरेक्तेला इंदिरेक्तेनेच उत्तर द्यावे, ही समज त्या भिकारी पोराला आहे.

अन्नानंतर प्रेम. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या स्पॅनिश नाटककारांना एक प्रसंग फार प्रिय होता : मोठ्या घरची स्त्री आपल्या चिटणीसाच्या प्रेमात पडते आणि तिला ते बोलता येत नाही. तिर्सो दे मोलिनाच्या 'राजवाड्यातला लाजाळू' या नाटकात ड्यूकची मुलगी मादालेना आपल्या मिरेनो नावाच्या चिटणीसाला खुणा करून थकते. तो इतका भिडस्त की कळूनही त्याला धीर होत नाही. शेवटी ती खुर्चीत झोपेचे सोंग घेते आणि झोपेत बरळल्यासारखे मनातले सगळे बोलून दाखवते. वर त्याच्या वतीने उत्तरेही आपणच देते. जागी झाल्यावर तो काही बोलू पाहतो, तर स्वप्नांवर विश्वास ठेवू नये असे त्यालाच सुनावते. दोन्ही दारे उघडी ठेवण्याची ही केवढी युक्ती! प्रेक्षक हसतो आणि खूश होऊन घरी जातो.

लोपे दे वेगाने हाच प्रसंग १६१८ साली छापल्या गेलेल्या 'माळ्याचा कुत्रा' या नाटकात घेतला आहे. हे नावच मुळी एका म्हणीतून आलेले. माळ्याचा कुत्रा स्वतः कोबी खात नाही आणि दुसऱ्याला खाऊ देत नाही. नेपल्सची काउंटेस दियाना हिचा चिटणीस तेओदोरो तिच्याच एका दासीवर, मार्सेलावर, प्रेम करतो आहे. ते कळताच दियानाला तो हवासा वाटू लागतो. ती एक कविता लिहून त्याच्या हाती देते. म्हणते, माझ्या एका मैत्रिणीसाठी आहे, जरा पाहा बरे. मग ती मुद्दाम अडखळून पडते आणि त्याने हात द्यावा असे करते. तो बिचारा अदबीने आपल्या झग्यात हात गुंडाळून पुढे करतो, तर त्याबद्दलही तिचे बोलणे खातो.

येथपर्यंत तिर्सो आणि लोपे बरोबरीने चालतात. पुढे लोपे एक पाऊल अधिक टाकतो, आणि म्हणून मला तो मोठा वाटतो. दियानाची इंदिरेक्ता तेओदोरो झेलतो, मार्सेलाला सोडतो, आणि तिच्यापुढे येतो. दियाना मागे सरते. कसले प्रेम, मी कुठे काय म्हटले? तो पुन्हा मार्सेलाकडे वळतो. दियानाचा मत्सर पुन्हा जागा होतो. असे दोनदा, तीनदा. शेवटी ती त्याच्या थोबाडीत अशी मारते की रक्त निघते. आणि मग तो रक्ताचा रुमाल मागून घेते व नव्या रुमालांसाठी म्हणून दोन हजार एस्कुदो देते. आपण हसतो, पण हसता हसता ध्यानात येते की, नाकारण्याचे दार येथे दोघांना सारखे उघडे नाही. दियाना केव्हाही म्हणू शकते की मी तसे म्हटलेच नाही. तेओदोरोला 'मला कळलेच नाही' असे म्हणण्याची सोय नाही. तो पगारी नोकर आहे. कळले तरी गुन्हा, न कळले तरी गुन्हा. आणि मार्सेलाच्या वाट्याला तर यातले काहीच येत नाही; ती दुसऱ्यांच्या चेंडूफळीत तुडवली जाणारी हिरवळ. वरच्याने खालच्याकडे फेकलेली इंदिरेक्ता ही कितीही नाजूक असली तरी हुकूमच असते, हे लोपेने विनोदी नाटकात दाखवून ठेवले आहे.

ज्याला इंदिरेक्ता फेकण्याचीही मुभा नाही त्याचे काय? याचे उत्तर मोरातीनच्या 'मुलींचा होकार' या नाटकात मिळते. १८०६ साली ते माद्रिदला प्रथम रंगभूमीवर आले. सोळा वर्षांची पाकिता आणि एकोणसाठ वर्षांचे दोन दिएगो यांचे लग्न ठरते आहे. दोन दिएगो भला माणूस आहे. तो पुन्हा पुन्हा विचारतो, मुली, तुझ्या मनात खरोखर काय आहे? प्रत्येक वेळी उत्तर देते मुलीची आई. कोणत्या घरात हे घडत नाही? पाकिताच्या मनात दुसराच कोणी असतो, आणि तो निघतो दोन दिएगोचाच पुतण्या. सत्य बाहेर येते तेव्हा म्हातारा बाजूला होतो आणि त्या दोघांचे लग्न लावून देतो. पण जाता जाता तो आईबापांना जे बोल लावतो ते विसरण्यासारखे नाहीत. मुलीने मनातले लपवणे, खोटे हसणे, हवे तेव्हा 'हो' म्हणणे यालाच आपण चांगले वळण म्हणतो, हा त्याचा सूर आहे. दोनशे वर्षांपूर्वीचे हे नाटक आज वाचतानाही आपल्याकडच्या मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आणि आता या सर्वांतला भयंकर प्रसंग. फेदेरिको गार्सिया लोर्काने 'बेर्नार्दा आल्बाचे घर' हे नाटक १९३६ च्या जून महिन्यात पुरे केले. ऑगस्टमध्ये यादवी युद्धाच्या आरंभीच त्याचा खून झाला. नाटकाचा पहिला प्रयोग १९४५ साली झाला, तोही स्पेनमध्ये नव्हे, ब्यूनोस आयर्सला. गोविंद निहलानी यांनी १९९१ साली 'रुक्मावती की हवेली' या हिंदी चित्रपटात हीच कथा राजस्थानात नेली. नवरा वारल्यावर बेर्नार्दा आपल्या पाच मुलींना घरात कोंडून आठ वर्षांचे सुतक जाहीर करते. थोरलीचे लग्न पेपे नावाच्या तरुणाशी ठरलेले आहे, आणि सर्वांत धाकटी आदेला रात्री त्यालाच भेटते आहे. सगळ्या घराला सुगावा आहे, बेर्नार्दाला नाही. तिची जुनी मोलकरीण पोन्सिया तिला पुन्हा पुन्हा सुचवते. या घरात काहीतरी मोठे चालले आहे, डोळे उघडा, असे आडून आडून सांगते. सरळ सांगण्याची तिची पायरी नाही. बेर्नार्दा दर वेळी तो चेंडू तुच्छतेने पायाखाली दडपते. वर पोन्सियाला तिच्या आईच्या कलंकाची आठवण करून देते आणि माझ्या पहाऱ्यात काही घडू शकत नाही, असे बजावते.

नाटकाच्या शेवटी आदेला गळफास घेते. बेर्नार्दाचा हुकूम सुटतो : मुलगी निष्कलंक मेली असेच सर्वांनी सांगायचे, आणि शांत राहायचे.

समीक्षकांनी या नाटकात हुकूमशाही पाहिली, कोंडलेली वासना पाहिली, आंदालुसियाचे खेडे पाहिले. ते सगळे तिथे आहेच. मला मात्र ते न झेललेल्या इंदिरेक्तेचे नाटक वाटते. आमच्या आईचे स्वीडनला जाणे आणि बेर्नार्दाचे स्वीडनला जाणे यांत केवढा फरक! एकीला उत्तर देण्याची सत्ता नव्हती, म्हणून ती गप्प. दुसरीच्या हाती सारी सत्ता होती. तिने ऐकले असते तर मुलगी वाचली असती. ज्याच्यापर्यंत लोक आडूनच बोलू शकतात, त्याने कान अधिक तिखट ठेवावेत, ही त्याची जबाबदारी आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती लागू आहे आणि राज्यकर्त्यांनाही.

राज्यकर्त्यांची गोष्ट निघाली म्हणून एक गंमत सांगतो. १९३९ ते १९७५ या काळात स्पेनवर जनरल फ्रँकोची सत्ता होती. छापलेल्या मजकुरावर कडक नजर असे. त्याच काळात 'ला कोदोर्निस', म्हणजे 'लावी पक्षी', या नावाचे विनोदी साप्ताहिक चाले. १९४१ पासून १९७८ पर्यंत ते टिकले. सर्वांत धीट साप्ताहिक, सर्वांत हुशार वाचकांसाठी, असे ते स्वतःला म्हणवून घेई. त्याने एकदा हवामानाचा अंदाज छापला असे लोक सांगत : 'गॅलिसियाहून आलेला सार्वत्रिक गारवा देशभर राज्य करीत आहे.' स्पेनचे वारे वायव्येच्या गॅलिसियाकडून येतात, हे खरेच. पण फ्रँकोही गॅलिसियाचाच. 'सार्वत्रिक' या अर्थाचा शब्द 'जनरल' असाही वाचता येतो. आणि गार या अर्थाच्या 'फ्रेस्को'चा दुसरा अर्थ निर्लज्ज! वाचावे तसे वाचा.

मौज पुढेच आहे. तो अंक कोणाच्या हाती लागलेला नाही. असा मजकूर त्या साप्ताहिकात छापलाच गेला नव्हता, ती लोकांनी रचलेली दंतकथा. म्हणजे संपादकाने न फेकलेली इंदिरेक्ता वाचकांनी झेलली. ज्यांची तोंडे बंद होती त्यांनी आपल्या मनातले वाक्य एका साप्ताहिकाच्या तोंडी घातले आणि एकमेकांना हसत हसत सांगितले. इंदिरेक्ता झेलणाऱ्याची असते, फेकणाऱ्याची नव्हे, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

तेव्हा आडून बोलणे चांगले की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कोण कोणाशी आडून बोलतो आहे, हे पाहावे. खालचा वरच्याशी आडून बोलतो तेव्हा त्याला दुसरा रस्ता नसतो. वरचा खालच्याशी आडून बोलतो तेव्हा त्याला जबाबदारी नको असते. आणि बरोबरीचे दोघे एकमेकांची अब्रू सांभाळण्यासाठी आडून बोलतात तेव्हा लासारोच्या बाकावर घडले तसे काहीतरी घडते. स्पॅनिश शब्द या तिन्हींना एकच नाव देतो. निवाडा करायचे काम तो आपल्यावर सोडतो.

आमच्या घरची गोष्ट पुरी करायची राहिली. आईच्या उतारवयात मी तिला एकदा विचारले, "आत्या चकलीवरून बोलायची ते तुला कळायचं का गं?" ती म्हणाली, "न कळायला काय झालं? पण मी उचललं असतं तर ते माझं झालं असतं. नाही उचललं. राहिलं बेबीच्या ताटात."

पण मला आठवते ती दुसरीच दिवाळी. आत्याच्या यजमानांची नोकरी गेली होती. त्या वर्षी ती आली तेव्हा तिने फराळाला नावे ठेवली नाहीत. बेबीला म्हणाली, "खा हो पोटभर. यंदा आपल्याकडे काही करायचं राहूनच गेलं." वाक्य बेबीलाच उद्देशून होते, नेहमीसारखे. आई पाणी वाढत होती. तिने तांब्या खाली ठेवला, आत गेली आणि दोन मोठे डबे भरून घेऊन आली. "वन्सं," ती म्हणाली, "यंदा माझा अंदाज साफ चुकला. चकल्या भारंभार झाल्यात, आणि त्याही मऊ पडल्यात. इथे कोणी खायचं नाही. तुम्ही नेल्या तर बरं होईल."

मी त्यातली एक चकली हळूच काढून तोडून पाहिली. तिचा छान आवाज झाला. आईने माझ्याकडे असे काही पाहिले की, मी ती चकली न बोलता तोंडात टाकली.